पोपटी पँटचं आयुष्य

स्वस्त वस्तू शेवटी महाग पडते, हे सर्वमान्य आहे. महाग वस्तूही शेवटी महागच पडते, हे मात्र घेतल्याशिवाय कळत नाही. या दोन सत्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने कोथरूडचा श्यामसुंदर भोयर कित्येक वर्षं चालत होता. (चपला झिजू नयेत म्हणून जरा हळू.)

श्यामसुंदर मूळचा वर्ध्याचा, नोकरीने हिंजवडीचा. खरेदीच्या बाबतीत मात्र तो एकसदस्यीय परीक्षा मंडळ होता. कपडा आधी उलटा करायचा, शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणायची, गुंडी ओढून पाहायची, आणि सगळं ठीक निघालं तर किंमत ऐकून परत ठेवायचा, अशी त्याची कार्यपद्धती. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानदाराने त्याला पाहताच विचारलं होतं, "आज घेणार आहात, की नुसतंच उसवणार?"

अशा माणसाला एका मंगल कार्यालयात भरलेल्या निर्यातीच्या मालाच्या सेलमध्ये ती पँट भेटली. तिहेरी शिलाई, खिशांच्या कोपऱ्यांना पितळी टिकल्या, कापड म्हणजे ताडपत्रीचं धाकटं भावंड. किंमत जवळजवळ दानधर्म. रंग पोपटी.

"परदेशातून परत आलेला माल आहे साहेब," विक्रेता म्हणाला. "खोट काढून दाखवा."

"मग परत का आला?"

"त्यांनी खोका उघडला."

रंगाचं काय, चार धुण्यांत उतरेल, असं श्यामसुंदरला वाटलं. इथे त्याच्या अभ्यासात किरकोळ त्रुटी राहिली. टिकाऊ कापडाचा रंगही टिकाऊ असतो.

वर्षं गेली. बाकीच्या पँट एकेक करून विरल्या, ही तेवढी उरली. आणि घरात धडधाकट पँट असताना दुसरी घेणं तत्त्वात बसेना. कंपनीत नव्या माणसांना जिना 'पोपटी पँटच्या डावीकडे' असा सांगू लागले. त्याची बायको अक्षता रस्त्याने जराशी पुढे चालू लागली.

मग तिच्या भावाचा, रतनचा, साखरपुडा ठरला.

"अहो, ही घालून आलात तर मी ओळख देणार नाही," ती शांतपणे म्हणाली. "कोणी विचारलं तर मंडपवाल्यांपैकी आहेत म्हणेन."

"फाटली की टाकतो. फाटल्याशिवाय कशी टाकायची?"

"मग फाडा."

कात्री लावणं ही फसवणूक झाली असती. झीज नैसर्गिक हवी. म्हणून श्यामसुंदर रोज सकाळी वेताळ टेकडीवर जाऊन खडकांवरून बसल्या बसल्या घसरू लागला. फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांनी हा नवा व्यायामप्रकार समजून चौकशी केली; काहींनी सुरूही केला. (एकाची कंबर सुधारली म्हणतात.) पँटवर परिणाम शून्य. साखरपुडा आठवड्यावर आला, तेव्हा घायकुतीला येऊन तो जरा वरच्या खडकावरून घसरला आणि पाय मोडून घेतला.

दवाखान्यात पँट कापायला घेतली, तर कात्री शिवणीत अडकून बसली. डॉक्टरांनी दुसरी मागवली. तीही अडकली. शेवटी पँट न कापताच, श्यामसुंदरच्या किंकाळ्यांसह, उतरवण्यात आली. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर नेला, शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणली आणि पायाकडे वळण्याआधी विचारलं, "कुठून घेतलीत?"

पायातून कळा येत असतानाही श्यामसुंदरचे डोळे भरून आले. आयुष्यात कोणीतरी त्याला समजून घेतलं होतं.

साखरपुड्याला तो प्लास्टरवर धोतर नेसून गेला. अक्षताने आपण होऊन सगळ्यांशी ओळख करून दिली. पाय कसा मोडला, ते त्याने खरं खरं सांगितलं. पायाबद्दल कोणी हळहळलं नाही. पानं वाढून झाली तरी पुरुषमंडळी त्याच्याभोवती खुर्च्या ओढून कापडाची चौकशी करत राहिली.

घरी आल्यावर अक्षताने दोरीवरून पँट काढली. टेकडीची माती गेली होती, रक्ताचा डाग गेला होता, पोपटी रंग होता तिथेच होता. ती बराच वेळ शिवण पाहत उभी राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "त्या सेलमध्ये बायकांचं काही होतं का?"

वाचकांनी इतका वेळ श्यामसुंदरला हसून घेतलं, ते योग्यच झालं. पण आता ते काय विचारणार आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. नाही, दुसरा रंग नव्हता.