कुठला परवा?

आमच्या राऊतसरांना ‘जरा थांबा’ म्हणायची सोय नाही. “जरा म्हणजे किती?” हा प्रश्न आलाच! डहाणू रोडचा चहावाला एकदा म्हणाला, “बेसो ने साहेब, बे मिनिट.” सर दोन मिनिटांचं घड्याळ लावून बसले आणि तिसऱ्या मिनिटाला चहा न पिता उठले. मीही बिनचहाचाच उठलो, कारण दुर्दैवाने मी त्यांच्याबरोबर होतो.

आम्ही आशागडला शेजारी, आणि कॉलेजातही एकाच स्टाफरूममध्ये. मी मराठी शिकवतो, ते कॉम्प्युटर. तेही कसं? पहिल्या वर्षाच्या पोरांना कोडची एक ओळ लिहू देत नाहीत. प्रोग्रॅमने काय करायचं ते साध्या मराठीत लिहायचं, ते एआयला द्यायचं, त्याने बनवलेला प्रोग्रॅम चालवून बघायचा. चुकला की एआयला नावं ठेवायची नाहीत. “तू काय लिहिलंस ते वाच आधी!” हे त्यांचं पालुपद.

वर्गातल्या, किनाऱ्यावर राहणाऱ्या कल्पनाने आईच्या सुक्या मासळीसाठी प्रोग्रॅम मागितला. लिहिलं, ‘परवाचे बोंबील विकायला काढ.’ एआयने पुढचा परवा धरला. अजून समुद्रात पोहणारे बोंबील विक्रीला! वर्ग हसून लोळला.

“पण सर, घरी सगळ्यांना कळतं की,” कल्पना रडकुंडीला आली.

“घरचे तुझं तोंड बघतात, बाय. यंत्राला तोंड दिसत नाही. कुठला परवा? मागचा की पुढचा? लिही परत.”

सात वेळा लिहायला लावलं. सोडतील तर ते राऊतसर कसले! शेवटी बोंबील बरोबर निघाले, तेव्हा तीच सगळ्यांना दटावत सुटली, “कुठला परवा?”

पण एका माणसाशी बोलताना सरांचं हे सगळं शास्त्र बुडतं. त्यांची लेक वैशाली सुरतेला असते. वहिनी गेल्यापासून वाडीतल्या त्या घरात सर एकटे. ती यावी म्हणून जीव तुटतो, हे मला भिंतीपलीकडून कळतं. रोज एकाच ताटाचा आवाज येतो.

परवा, म्हणजे मागच्या परवा, स्टाफरूममध्ये तिचा फोन आला. “येऊ का बाबा?” मला स्पष्ट ऐकू आलं.

“बघ बुवा. जमलं तर ये. इथे काय, सगळं ठीक आहे.” ठेवला फोन!

माझं डोकंच फिरलं. “सर, ‘जमलं तर’ म्हणजे कधी? किती दिवस? कशासाठी?”

“ते घरातलं आहे. तिला कळतं.”

“यंत्राला तोंड दिसत नाही म्हणता. मग फोनला दिसतं होय?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत पुसला. मग दात आवळून त्यांनी फोन लावला.

“वैशाली, नीट ऐक. शनिवारी ये. सकाळच्या गाडीने. चार दिवस राहा.” इथे अडकले. मला वाटलं, संपलं. पण माणूस हटला नाही. “कारण... कारण मला एकट्याला जेवण जात नाही गं.”

या वेळी त्यांनी फोन कानाला असा दाबून धरला की मला पलीकडचं काही ऐकू येईना. मग सरांचा चेहरा खुलला.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“शनिवार कशाला, म्हणाली. परवाच येते.”

आणि आयुष्यात पहिल्यांदा राऊतसरांनी विचारलं नाही, कुठला परवा.