दोन लाख ऐंशी हजार किलोमीटरची टकटक

गाडी शेवटी भंगारात गेली नाही आणि इंजिनातली टकटकही थांबली नाही. पण हे वाक्य आपण वाचलेलंच नाही असं धरून चालू. कारण त्या सोमवारी गॅरेजात उभ्या असलेल्या हेडक्लार्कांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की रविवारी सकाळी दहा वाजता जुन्या गाड्या तोडणारा माणूस येणार आहे. तोवर आवाजाचं कारण सापडलं तर गाडी राहील, नाहीतर जाईल, असं त्यांनी फ्रिजच्या दारावर लेखी जाहीर केलं होतं. खाली सही होती. तारीखही होती.

"कधीपासून येतोय आवाज?" मिस्त्रींनी बॉनेट उघडत विचारलं.

"दोन महिने, चार दिवस. मुलगी नोकरीला परगावी गेली. तिला स्टेशनवर सोडलं आणि परतताना सुरू झाला. माझा संशय तिच्या बॅगांवर आहे. तीन होत्या. त्या ओझ्यानं आतलं काहीतरी निखळलं असणार."

हेडक्लार्कांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. त्या शाळेत गणित शिकवत. "बॅगा डिकीत होत्या आणि इंजिन पुढे असतं," त्या मिस्त्रींना म्हणाल्या. "यांना सांगा."

हेडक्लार्क दीड हातावर उभे होते. मिस्त्रींनी तरीही सांगितलं.

मग त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. हेडक्लार्कांनीही उगीचच डोळे मिटले.

"ठणठणीत आहे," मिस्त्री डोळे उघडून म्हणाले. "वयाच्या मानानं माझ्यापेक्षा बरं."

"पण टकटक येते हो! मिनिटाला किती, तेही हिनं मोजलंय."

"मग चालत्या गाडीत ऐकायला हवं," असं म्हणून मिस्त्री मागच्या सीटवर जाऊन बसले.

आता घरचा नसलेला माणूस गाडीत बसलाय म्हटल्यावर गप्प कसं बसणार? बाईंनी मुलं किती विचारलं. दोन निघाली. धाकट्याचं गणित कच्चं निघालं, त्यात वीस मिनिटं गेली. हेडक्लार्कांनी या धंद्यात कसे आलात विचारलं, त्यात नदीवरचा पूल आणि परतीचा रस्ता गेला. गॅरेजशी गाडी थांबली तेव्हा हेडक्लार्क एकदम म्हणाले, "अरेच्चा! आवाज आलाच नाही!"

मिस्त्री उतरले. पहिल्याच वळणावर टकटक सुरू झाली.

मंगळवारी मिस्त्री त्यांच्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. आवाज आला नाही. बुधवारी पडदे घ्यायचे होते. "पिवळे चालतील का, विचारा यांना," बाई मागे वळून म्हणाल्या. मिस्त्रींनी विचारलं. "हिरवे बरे, असं सांगा तिला," हेडक्लार्क आरशात बघून म्हणाले. मिस्त्रींनी तेही सांगितलं आणि स्वतःचं मत राखाडीला दिलं. राखाडी आले. गुरुवारी सगळे हेडक्लार्कांच्या बहिणीकडे गेले.

"हे कोण?" बहिणीनं दारातच विचारलं.

"हे आवाजाचे," हेडक्लार्क म्हणाले.

पुढे काय विचारावं ते न सुचल्यामुळे बहिणीनं त्यांना दोनदा वाढलं.

शुक्रवारपर्यंत गॅरेजात सहा गाड्या बॉनेट वासून उभ्या होत्या. शनिवारी मिस्त्री गाडीत बसले तेच हात जोडून. "साहेब, वहिनी, अशानं माझ्या गॅरेजला टाळं लागेल. आज शेवटचं. आणि आज कुणीही बोलायचं नाही. एक शब्द नाही."

गाडी निघाली. कोपरा गेला, शाळा गेली, पूल आला. आणि इंजिनातून स्पष्ट आलं: टक, टक, टक, टक.

"हा! हाच तो!" दोघं एकदम ओरडले.

"हा?" मिस्त्री पुढच्या दोन सीटांमधून डोकावले. "हा आवाज? हा तर मी सोमवारपासून ऐकतोय! मला वाटलं, तुम्ही दुसऱ्याच कुठल्या आवाजाबद्दल बोलताय. टॅपेट आहे साहेब. वरच्या बाजूचे हे भाग झिजले की वाजतात. इंजिनाला काही धोका नाही."

गॅरेजात येऊन त्यांनी तेलकट वही काढली आणि या गाडीची पानं दाखवली. दर वर्षीच्या सर्व्हिसिंगला एकच ओळ होती: 'टॅपेट वाजतो. चालू द्यावे.' सहा वर्षं.

"मग आम्हाला कसा ऐकू आला नाही?" हेडक्लार्कांचा आवाज जरा चढला.

"मागं कोण बसायचं?"

"मुलगी."

"बडबडी आहे का?"

बाई वहीकडे बघत म्हणाल्या, "नाही हो. ती आपली ऐकायची. बोलायचो आम्हीच. तिच्यामार्फत."

"योग्य मार्गे," कचेरीतल्या अर्जावर लिहितात तसं हेडक्लार्क हळूच म्हणाले.

वहीत लिहिण्यासारखं यात काही नव्हतं. मिस्त्रींनी ती मिटली. "अर्ध्या तासात बंद करून देऊ का आवाज?"

"नको!" बाई घाईनं म्हणाल्या. "मग गाडीत ऐकायचं काय?"

मिस्त्री आपल्या सहा गाड्यांकडे वळले. गॅरेजबाहेर गाडी सुरू होती आणि दोघं समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत बसले होते. बाई सवयीनं मागे वळल्या, "यांना सांगा..." म्हणाल्या आणि थांबल्या. मागे कुणी नव्हतं. त्या पुन्हा पुढे वळल्या, मग आणखी थोड्या, हेडक्लार्कांकडे वळल्या.

"अहो."

हेडक्लार्क दचकले. इतक्या जवळून त्यांना हाक यायची सवय राहिली नव्हती. "काय गं?"

"त्या तोडणाऱ्या माणसाला नको म्हणून कळवा."

"कळवतो. पण फ्रिजवर लेखी आहे. ते रद्द करायचं तर दुसरं लेखी लागेल."

"मग लिहा की! आणि तुमचं ते 'सदरहू' घालू नका."

"सदरहूशिवाय कागदाला वजन येत नाही."

"वजन! बॅगा काय कमी पडल्या?"

हेडक्लार्क हसले. मग बाईही हसल्या. डॅशबोर्डवर कागद ठेवून लिखाण सुरू झालं. एकेका शब्दावर भांडण होत गेलं आणि तोडणाऱ्या माणसाला लिहायची दोन ओळींची चिठ्ठी हळूहळू भलत्याच वळणाला लागली. पाऊण तास झाला. इंजिन चालूच होतं; शेवटी मिस्त्रींनी काचेवर टिचकी मारून पेट्रोल जळतंय म्हणून सांगितलं, तेव्हा दोघांच्या ते लक्षात आलं. कागदावर दोघांच्या सह्या होत्या.

प्रति,
मा. वाहन नोंदणी अधिकारी यांस,

विषय: आसनक्षमता कमी करून मिळणेबाबत.

महोदय,
सदरहू वाहनाच्या नोंदणीपुस्तकात आसनक्षमता 'पाच' अशी आहे. ती कृपया 'दोन' करून मिळावी, जेणेकरून मागची सीट रिकामी आहे असे कागदोपत्री तरी कुणास म्हणता येणार नाही. मुलगी रजेवर आल्यास तेवढ्या दिवसांपुरती ती 'तीन' समजण्यात यावी, ही विनंती.