सात नंबरचा ओंडका

रविवारी सकाळी, तोंडात चहाचा घोट जायच्या आधीच, सोमशेखर परसात जाऊन ओंडक्याचं वजन करायला बसला. पेरूच्या फांदीला तराजू टांगलेला. एका पारड्यात बाभळीचा ओंडका, दुसऱ्यात वजनं. ओंडक्यावर खडूनं सात हा आकडा घातला होता आणि त्याची दोन्ही टोकं हिरव्या ऑइलपेंटनं रंगवलेली होती. त्याची थोरली बहीण बसव्वा मागच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"तम्मा, बाळंतिणीच्या पोराचं तरी इतक्यांदा वजन करत न्हाईत रं."

"अक्का, मधी बोलू नगंस. आकडा चुकतोय." सोमशेखरनं शेवटचं वजन ठेवलं आणि काटा स्थिर व्हायची वाट बघितली. "चार किलो सातशे! गेल्या रविवारीबी चार सातशे. त्याच्या आदल्या रविवारीबी चार सातशे!"

"मग?"

"मग काय? वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. पुस्तकात लिवलंय."

"पुस्तकानं चूल फुंकलीया काय कधी?" बसव्वा म्हणाली आणि आत गेली. हा प्रश्न ती दिवाळीपासून रोज एकदा विचारत होती, आणि आता माघ लागला होता.

सोमशेखर शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत वाळू तपासायच्या कामावर होता. वाळूत ओल जरा वाढली की कास्टिंगला भोकं पडतात, भोकं पडली की माल परत येतो, आणि माल परत आला की साहेब सोमशेखरला बोलावतात. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळं त्याचा जीव सदा ओलीतच अडकलेला. भिंतीला ओल, पापडाला ओल, टॉवेलला ओल. रात्री पलंगावरून उठून तो मिठाच्या बरणीचं झाकण बघून यायचा. अशा माणसाच्या गळ्यात जळण वाळवायचं काम पडलं, मग काय विचारता!

आणि काम साधं नव्हतं. त्याची मुलगी शांभवी हिला निपाणीच्या पुढचं एक स्थळ आलं होतं. मुलगा महांतेश शेती बघायचा. बोलायला कमी, पण देखणा. त्याला आणि शांभवीला एकमेकांची पसंती होती. दोघांनी कोल्हापुरात एकदा चहा आणि दोनदा उसाचा रस घेतला होता हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे ठाऊक नसल्यासारखं वागत होते. अडलं होतं ते मुलाच्या आजोबांपाशी. सोमलिंग अज्जांच्या तोंडून शब्द निघाल्याशिवाय त्या घरात सुपारी फुटत नव्हती. मुलगी बघून झाल्यावर अज्जा काठीवर हनुवटी टेकून एवढंच म्हणाले होते, "पोरगी चांगली हाय. पण माणसं कशी हाईत ते हुग्गी खाल्ल्याबिगार कळत न्हाय. माघात येतो. चुलीवरची करा. गॅसवरची आमी खात न्हाय."

आता हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, काही शिरा नव्हे, दहा मिनिटांत हलवला आणि वाढला. खपली गहू सडायचा, रात्रभर भिजवायचा, मग मोठ्या पातेल्यात चार-चार तास शिजवायचा आणि तो बोटानं दबला की मगच गूळ घालायचा. आधी घातला तर गहू जन्मात शिजत नाही. जाळ एकसारखा लागतो. याच अज्जांनी महांतेशची आधीची दोन स्थळं पहिल्या वाटीलाच उठून मोडली होती. एका ठिकाणी गहू कच्चा होता, दुसऱ्या ठिकाणी हुग्गीला रॉकेलचा वास आला होता. हे कळल्यापासून शांभवीचं जेवणात लक्ष नव्हतं आणि सोमशेखरचं झोपेत.

हुग्गी करायला बसव्वा होती. चाळीस वर्षं तिनं गावजेवणाची हुग्गी केलेली, तिच्यावर कुणाची शंका नव्हती. पण जळण आणायला सोमशेखर गेला. दिवाळी झाल्या झाल्या वखारीतून बाभूळ आली, ओली. बसव्वानं लगेच फर्मान सोडलं, "फोडून घे, ढलप्या कर आणि उन्हात टाक. तीन म्हैन्यात कडकडीत."

"अंदाजपंचे चालायचं न्हाय," सोमशेखर म्हणाला. स्टेशनजवळच्या स्टॉलवरून त्यानं शेतीचं एक मासिक आणलं होतं. त्यात पान चौदावर 'जळण वाळवण्याची शास्त्रीय पद्धत' असा लेख होता. "तुझा अनुभव म्हंजे एका गावातल्या एका चुलीचा. ह्यो लेख लिवणाऱ्यानं शंभर ठिकाणी बघितलं आसंल."

"बघितलंच आसंल. फुंकलं कुठं?"

लेखाचा उरलेला भाग पान एकतीसवर होता. सोमशेखरनं तोही वाचला, पेन्सिलनं खुणा केल्या आणि अक्षरशः तसंच केलं. ओंडके फोडायचे नाहीत. साल काढायची नाही. दोन्ही टोकांना रंग किंवा मेण लावून ती बंद करायची, म्हणजे लाकूड तडकत नाही. विटांवर रचायचं, वर पत्रा टाकायचा. एक ओंडका निवडून दर आठवड्याला वजन करायचं. दारांना लावून उरलेला हिरवा रंग घरात होताच. दोन दिवसांत परसात हिरव्या तोंडांची अशी काही रास उभी राहिली की शेजारचे हंबीरराव कुंपणावरून वाकून म्हणाले, "सोमण्णा, प्रदर्शनात मांडताय काय?"

त्या रविवारी, म्हणजे अज्जा यायच्या आदल्या रविवारी, सोमशेखर सात नंबर घेऊन बसव्वाकडं गेला. वजन थांबलं होतं, तरी मन थांबत नव्हतं. "अक्का, एकदा तूबी बघ की."

बसव्वाला तेवढंच हवं होतं. तिनं पदर खोचला, दोन ओंडके उचलले आणि टोकावर टोक हाणलं. ठण्ण! पुन्हा हाणलं. ठण्ण! बसव्वाचा चेहरा उजळला. "वाळलंय रं तम्मा! ओलं लाकूड थप्प वाजतंय. हे बघ कसं घंटंवाणी वाजतंय. पुस्तक तुझं, पर कान माझा."

शास्त्र आणि अनुभव दोन्ही एकदम हो म्हणाले. सोमशेखरच्या बायकोनं, गिरिजानं, देवापुढं साखर ठेवली. त्या रात्री सोमशेखर मिठाची बरणी बघायला फक्त एकदाच उठला.

ठरलेल्या दिवशी सकाळी सात वाजता परसात विटांची चूल मांडली. पाहुणे बाराला येणार होते. बसव्वानं चुलीला हळद-कुंकू वाहिलं, गव्हाचं पातेलं चढवलं आणि ओंडके सारले. ओंडके फुसफुसले. सालीखालून फेस यायला लागला. आठ वाजले. पाण्याला आधण नाही.

"पयल्यांदा जरा रुसतंय," बसव्वा म्हणाली आणि फुंकणी घेऊन बसली.

नऊ वाजता तिचे डोळे लाल झाले होते आणि पातेल्यात बोट घालून बसता येईल इतपत पाणी कोमट होतं. सोमशेखर चुलीपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून चुलीपर्यंत येरझाऱ्या घालत होता. दर फेरीला तो घड्याळ बघायचा आणि दर फेरीला विचारायचा, "अक्का, शिजतंय न्हवं?"

"तू हितनं हाल बघू आदी! तुझ्या सावलीनंच चूल इझाय लागलीया!"

तो हलला, पण नको तिकडं. साडेअकराला बसव्वा पाणी प्यायला आत गेली, तेवढ्यात त्यानं स्टोमधलं रॉकेल आणून ओंडक्यांच्या टोकांवर ओतलं. अज्जांना रॉकेलचा वास चालत नाही हे त्याला पाठ होतं, पण कच्चा गहू तरी कुठं चालत होता? भडका उडाला, सोमशेखरला क्षणभर बरं वाटलं आणि मग हिरवा रंग पेटला. रंगाचा असा काळाकुट्ट, उग्र धूर निघाला की पेरूचं झाड दिसेनासं झालं. धूर कुंपण ओलांडून हंबीररावांच्या घरात शिरला, तिथून बोळात आला.

"काय वतलंस?" बसव्वा दारातच थांबली. "खरं सांग, काय वतलंस?" तिनं धुरातच पातेल्यावर ताट झाकलं, वर वजनाला वरवंटा ठेवला आणि भावाला ठेवणीतल्या कानडी शिव्या दिल्या.

शांभवी रद्दीचा गठ्ठा घेऊन धावत आली आणि कागद फाडून चुलीत सारायला लागली. चौथ्या की पाचव्या कागदाला तिचा हात थांबला. "अप्पा, ह्या पेन्सिलीच्या खुणा तुमच्या?"

"व्हय. पान एकतीस. ते कशाला जाळतीस?"

"अप्पा, हे जळणाचं न्हाय." तिचा आवाज रडवेला झाला होता. "पान एकतीसवर दोन लेखांचा उरलेला भाग हाय. तुम्ही वाचलाय तो दारं-खिडक्यांच्या लाकडाचा. जळणाचा खाली हाय. 'ओंडके लगेच फोडावेत. टोकं उघडी ठेवावीत. ओल टोकांतूनच बाहेर पडते. बाभळीला वर्षभर लागतं.'"

सोमशेखरनं कागद घेतला आणि धुरात डोळ्यांजवळ धरला. सव्वीस वर्षं ओल मोजणाऱ्या माणसानं ओल आत कोंडून वर तिला रंग दिला होता. वजन उतरणार कुठून? तो मटकन विटेवर बसला. "माझ्यामुळं पोरीचं लगीन मोडलं."

"आन् मग वाजलं कसं घंटंवाणी?" बसव्वा ओरडली.

"रंग वाजला, अक्का. रंग!"

बसव्वानं फुंकणी उचलून बाजूला टाकली. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

एवढ्यात बोळाच्या तोंडाशी घंटा ऐकू आली. हंबीररावांनी शेजारधर्म पाळून अग्निशामक दलाला फोन केला होता. लाल गाडी बोळात शिरली आणि अडकली. दोन जवान नळी ओढत परसात धावले. "आग कुठाय? आग?"

"तीच पेटंना झालीया बाबा," बसव्वा म्हणाली. "तुमच्याकडं आसंल तर द्या जराशी."

जवानांनी चूल बघितली, हिरवे ओंडके बघितले, एकमेकांकडं बघितलं आणि नळी गुंडाळायला घेतली. आणि त्यांच्या मागून, गाडीला बाजू मिळेना म्हणून पायी, धोतराचा सोगा नाकाला लावून, काठी टेकत सोमलिंग अज्जा आले. त्यांच्यासोबत चाळीस माणसं. सगळ्यात मागं नवा पांढरा शर्ट घातलेला महांतेश.

परसात कुणी श्वास घेईना, आणि त्याला कारण फक्त धूर नव्हता.

"हुग्गी?" अज्जांनी विचारलं.

सोमशेखर उठला. खोटं सांगायला त्याच्याकडं काही उरलंच नव्हतं. "अज्जा, गहू कच्चा हाय. जळण ओलं हाय. माझं चुकलं. पुस्तक वाचलं, तेबी चुकीचं वाचलं. वर रॉकेल वतलं. बहिणीची काय चूक न्हाय, पोरीची तर न्हाईच न्हाय."

अज्जांनी काठीनं एक ओंडका चुलीतून बाहेर ओढला. उलटापालटा करून बघितला. "ह्येला रंग का दिलाय?"

"तडकू नये म्हणून."

"जळण? तडकू नये म्हणून?" अज्जांनी ओंडका काठीनं बाजूला ढकलला. मग त्यांनी धोतर वर खोचलं. "कुऱ्हाड हाय काय घरात?"

कुऱ्हाड हंबीररावांकडं होती. महांतेशनं ती कुणी सांगायच्या आत उचलली. आधी रंगवलेली टोकं उडवली, मग ओंडके उभे फोडले, मग ढलप्या पातळ केल्या. शांभवी त्याला एकेक ओंडका पुढं करत होती. नवा शर्ट घामानं भिजला. पाहुणेमंडळींनी ढलप्या उन्हात पत्र्यावर पसरल्या, फायरच्या जवानांनी निघता निघता गाडीतली एक जुनी वाळकी फळी दिली, तिच्यावर जाळ धरला, आणि बसव्वा आणि अज्जा चुलीच्या दोन बाजूंना बसून जे भांडायला लागले ते पार चार वाजेपर्यंत.

"जाळ फुडं घे, बाई!"

"मागंच ऱ्हाऊ दे! बूड करपतंय."

"मी साठ वर्सं बघतोय."

"बघितलंच आसंल! ढवळली कुणी?"

अज्जांच्या घरातली माणसं घाबरून एकमेकांकडं बघत होती. अज्जांना असं कुणी आजवर बोललं नव्हतं. पण अज्जा उठून गेले नाहीत. उलट गूळ कधी घालायचा यावर त्यांनी आणखी एक भांडण काढलं आणि ते हरले.

साडेचार वाजता पंगत बसली. चाळीस माणसं सकाळपासून उपाशी होती. अज्जांनी पहिला घास घेतला आणि सोमशेखरनं गिरिजाचा हात घट्ट धरला. पहिली वाटी संपली. दुसरी संपली. तिसरीवर तूप मागितलं.

"गहू मऊ हाय," अज्जा म्हणाले. "रॉकेलचा वास लागलेला न्हाय. धुराचा हाय, तो चालतोय." त्यांनी हात धुतले, उपरण्याला पुसले. "पोरगी पसंत हुतीच. आज माणसंबी पसंत पडली. चुकलं तर चुकलं म्हणत्यात, आन् माझ्यासंगं भांडत्यात. आमच्या घरात दोनीबी कोण करत न्हाय. आणा सुपारी."

सुपारी फुटली. गिरिजा रडली, बसव्वा रडली, सोमशेखरला तर रडायला सकाळपासून धुराचं निमित्त होतंच.

"लग्नाची हुग्गी बी हितंच, ह्याच बाईच्या हातची," अज्जा पुढं म्हणाले. "पर असलं जळण चालायचं न्हाय. आजपास्नं नीट फोडून वाळवा. बाभळीला वर्स लागतंय म्हणून पुस्तकात लिवलंय म्हणं. ते बरोबर हाय. लगीन फुडच्या माघात."

"वर्षभर?" शांभवीच्या हातातली तुपाची वाटी तिरपी झाली. "अज्जा, अहो, गॅस..." तिनं जीभ चावली. वडिलांकडं बघितलं. सोमशेखर मान हलवत होता. वर्ष लागतंच, लेखात स्पष्ट होतं, आता त्यानं बरोबर बघितलं होतं.

तेव्हा महांतेश बोलला. सकाळपासून पहिल्यांदा, आणि ताटाकडं बघत.

"आपल्या मळ्यात दोन वर्साचं वाळल्यालं जळण हाय की, अज्जा. ट्रॅक्टर लावून आणतो."

अज्जांनी नातवाकडं बघितलं. मग शांभवीकडं. मग पुन्हा नातवाकडं. "कदी?"

"परवा."

ट्रॅक्टर दुसऱ्याच दिवशी आला. शांभवीनं स्वतः उभं राहून तो रिकामा करून घेतला, जळण आपल्या हातांनी खोलीत रचलं आणि वर कुलूप लावलं. सोमशेखर दिवसातून तीनदा त्या कुलपाशी यायचा, फटीतून नाक लावून वास घ्यायचा आणि परत फिरायचा. किल्ली कुठं ठेवलीय ते त्याला लग्न होईपर्यंत कुणी सांगितलं नाही.