रकाना क्रमांक चौदा

माणसाला एकच छंद असणं समाजाच्या दृष्टीने धोक्याचं असतं; दोन असले की तोच माणूस सुसंस्कृत ठरतो. हे मी म्हणत नाही, परवाना कार्यालय म्हणतं. आणि परवाना कार्यालयाचं कधी चुकल्याचं आजवर त्या कार्यालयाच्या तरी नजरेला आलेलं नाही.

गेल्या वर्षीपासून बंदुकीच्या परवान्याच्या नूतनीकरण अर्जात चौदावा रकाना आला: ‘शस्त्राव्यतिरिक्त इतर छंद’. खाली बारीक अक्षरात टीप होती, की रकाना रिकामा राहिल्यास शस्त्र जमा करावं लागेल. कल्पना नामी आहे. ज्याला बंदुकीपलीकडे काही सुचत नाही त्याच्या हाती बंदूक नको. आणि त्याला काही सुचतं की नाही हे त्यालाच विचारून घ्यावं, याहून स्वस्त तपास कुठला?

मी आमच्या नेमबाजी मंडळाचा चिटणीस. (सलग पाचव्यांदा बिनविरोध. विरोध करायला सभेला कुणी आलंच नव्हतं.) मी ताबडतोब ‘इतर छंद उपसमिती’ नेमली, तिचा अध्यक्ष झालो आणि मंडळाच्या त्रेचाळीस सदस्यांचा अहवाल तयार केला. तो असा: वाचन सत्तावीस, पक्षिनिरीक्षण सहा, मासेमारी पाच, बागकाम चार, विणकाम एक आणि रकाना रिकामा ठेवणारे एक.

आता नेमबाज हा शिस्तीचा प्राणी. त्याने छंद घेतला की तोही शिस्तीनेच घेतो. आमचे पक्षिनिरीक्षक पहिल्याच रविवारी तळ्याकाठी पालथे पडले, श्वास रोखला आणि दोन डोळ्यांच्या दुर्बिणीतून एक डोळा मिटून पाहू लागले. सहा जणांनी मिळून एकोणीस पक्षी नोंदवले. एकाचंही नाव कुणाला सांगता आलं नाही. पण प्रत्येक पक्षी फांदीच्या मध्यापासून किती सेंटिमीटर डावीकडे बसला होता, याबद्दल सहाही वह्यांत एकमत होतं.

मासेमारीवाल्यांची अडचण वेगळी. आमच्या मैदानावर नियम आहे, की सगळ्यांचं संपून शिट्टी होईपर्यंत कुणीही रेषेपुढे पाऊल टाकायचं नाही. तोच नियम त्यांनी तळ्यावर लावला. चौघांच्या गळाला मासे लागले, पण पाचव्याचा गळ रिकामा होता, म्हणून शिट्टी झाली नाही, म्हणून कुणी दोरी ओढली नाही. मासे वाट पाहून निघून गेले. अपघात मात्र शून्य. बागकामवाल्यांनी वाफे गोलात गोल असे काढले आणि मधोमध मिरचीचं एकच रोप लावलं, त्याला दहा गुण. विणकाम घेतलं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आमच्या एका सदस्याने, घड्याळजींनी. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधे एक टाका, असा त्यांचा नेम होता. वर्षभरात मफलर चार बोटं झाला आणि त्यांच्या बायकोने तो चष्मा पुसायला घेतला.

वाचनाचं तसं नाही. वाचन हा सर्वांत सुरक्षित छंद होय. त्याला जागा लागत नाही, वेळ लागत नाही, आणि सदस्यांनी कळवलेल्या अनुभवानुसार पुस्तकही लागत नाही. सत्तावीस जणांच्या वतीने तो मीच एका बैठकीत लिहून टाकला. सदस्यांची जुनी यादी समोर होतीच.

राहता राहिला तो रिकामा रकाना. तो मास्तरांचा.

मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. आमच्यातल्या निम्म्यांना बंदूक धरायला त्यांनीच शिकवलं, मलाही. चाळीस वर्षं एकच रायफल. दर रविवारी सकाळी अंगणात चादर अंथरून ते ती साफ करणार, आणि बाई, म्हणजे त्यांची पत्नी, शेजारी बसून तेलाची बाटली धरणार. दोघांचं बोलणं काय व्हायचं ते तेवढ्या वेळातच. (साफसफाईचा छंद म्हणून मी विचार केला होता, पण ती शस्त्राचीच असल्याने बाद.)

रकाना रिकामा, म्हणून चौकशी अधिकारी मास्तरांच्या घरी गेले. बरोबर मी होतोच.

“फावल्या वेळात काय करता?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“बसतो.”

“बसून काय करता?”

“विचार करतो.”

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. “कसला?”

“ते आधी ठरलेलं नसतं,” मास्तर म्हणाले.

आतून बाई म्हणाल्या, “अहो, लिहून टाका ना वाचन! रोज पेपर घेऊन बसता की.”

“तो चाळतो मी. वाचत नाही.”

“मास्तर,” मी म्हटलं, “एक शब्द लिहायचाय हो. सगळ्यांनी लिहिलाय.”

“सगळ्यांनी लिहिलाय म्हणून तर वाटतं, की कुणीतरी लिहू नये.”

हातात बंदूक असलेला माणूस विचार करतो, तोही न ठरवता. अधिकाऱ्यांनी खाली दोन रेघा मारल्या. उरलेल्यांच्या घरी ते येणारच होते, पण ऊन फार होतं. मंडळाच्या कचेरीत पंख्याखाली बसून, दोन चहांमध्ये त्यांनी सगळ्यांच्या प्रत्यक्ष भेटी पूर्ण केल्या.

त्यांचा शेरा आणि माझा अहवाल दोन्ही मी फलकावर लावले. सदस्य आले, पाहून गेले, छान झालंय म्हणाले. मास्तर मात्र उभे राहिले. फळ्यासमोर उभं राहण्याची त्यांची जुनी सवय. आकड्यांवरून एकदा बोट फिरलं, आणि ते वळले.

“चिटणीस, हे चव्वेचाळीस होतात.”

“काय चव्वेचाळीस?”

“सत्तावीस, सहा, पाच, चार, एक आणि मी. वर त्रेचाळीस लिहिलंय. एक माणूस जास्त आहे.”

जास्तीचा माणूस शोधायला वेळ लागला नाही. ते आमचे उपाध्यक्ष. दोन वर्षांपूर्वी वारले. जुन्या यादीवरून लिहिताना त्यांचाही अर्ज माझ्या हातून भरला गेला होता. त्यांच्या अर्जावर अधिकाऱ्यांचा शेरा होता: ‘घरी भेट दिली. सदस्य शांतपणे वाचन करीत होते. व्यत्यय आणला नाही.’

मास्तरांनी कार्यालयाला दोन ओळींचं पत्र पाठवलं: सदस्य त्रेचाळीस, बेरीज चव्वेचाळीस; तपासावे. उत्तर तत्परतेने, म्हणजे पाच महिन्यांत आलं. ‘सदस्यसंख्या त्रेचाळीस ही चूक असून ती चव्वेचाळीस अशी वाचावी. उपाध्यक्षांचा परवाना तीन वर्षांसाठी नूतनीकृत. अर्जदार मास्तर यांना दुसऱ्यांच्या बेरजा तपासण्याची सवय दिसते. ही बाब छंदात मोडत नसून स्वभावात मोडते. शस्त्र जमा करावे.’

रायफल जमा करायला मी त्यांच्यासोबत गेलो. मास्तरांनी ती त्याच चादरीत गुंडाळून आणली होती. खिडकीतल्या कारकुनाने ती घेतली, चिठ्ठी बांधली आणि कोपऱ्यात उभी केली. बाईंनी पिशवीतून तेलाची बाटली काढून खिडकीत ठेवली.

“हे पण ठेवा. दर रविवारी लागतं तिला.”

“बाटली जमा करून घेत नाही आम्ही,” कारकून म्हणाला.

मला वाईट वाटलं, उगाच लपवत नाही. उपाध्यक्ष हयात नाहीत, एवढं एक वाक्य त्या खिडकीत बोलायचं होतं. पण मग सत्तावीसच्या सत्तावीस अर्ज पुन्हा उघडले असते, आणि त्यांत माझाही होता. मी घसा खाकरला आणि पावती मागितली. बाईंनी बाटली परत पिशवीत घातली. मास्तर तेवढ्यात पावतीवरचा क्रमांक ताडून पाहत होते.

हल्ली त्यांचे रविवार कसे जातात, मी विचारलेलं नाही.

वाचकहो, ते सहा आकडे तुमच्याही डोळ्यांखालून गेले होते. मास्तरांना एक मिनिट पुरलं. तुम्ही तिथून तसेच पुढे आलात, पक्ष्यांना हसलात, मफलरला हसलात. (बेरीज केली असेल तर घरात काही शस्त्र असल्यास आताच पुसून ठेवा.) नसेल केली, तरी काळजी नको. तुमचा अर्ज माझ्याकडे आला, तर चौदाव्या रकान्यात काय लिहायचं, हे मला तुम्हाला विचारावंही लागणार नाही.