कांगोरोसाची लढाई, अर्थात डॉन तेओफिलो यांच्या पोटाची हकिकत

पृथ्वीवर मोठमोठी युद्धे जाहली, ती राज्यासाठी जाहली, खजिन्यासाठी जाहली, क्वचित नुसत्या मिशीच्या पिळासाठीही जाहली. परंतु एका गृहस्थाच्या पोटासाठी दोन पराक्रमी स्त्रिया वर्षानुवर्षे झुंजल्या, आणि अखेर मसुरीएवढ्या ठिपक्यांनी त्याचा निवाडा केला, ऐसे वर्तमान पाराग्वे मुलखात विलारिका कसब्याखेरीज अन्यत्र ऐकिवात नाही. बाजारात याची नाना तऱ्हेने वदंता चालते; खाटीक एक सांगतात, चिपा नामे चीजचे पाव विकणाऱ्या दुसरेच सांगतात; सबब जे खरे घडले ते साद्यंत लिहिले आहे. वाचणारांनी सावकाश वाचावे. मध्ये तेरेरेचा, म्हणजे पाला भिजविलेल्या थंड पाण्याचा, घोट घ्यावयास उठले तरी बखर रुसणार नाही.

तर त्या कसब्याच्या बाजारात औषधी पाल्याची गल्ली आहे. तेथे उजवे हाती न्या, म्हणजे बाईसाहेब, बेनिग्ना यांचे ठाणे आणि डावे हाती न्या क्रेसेन्सिया यांचे, आणि मधून वाट इतकी अरुंद की एकीने उखळात मुसळ घातले तर दुसरीच्या तागडीत धूळ उडावी. नाते म्हणाल तर नणंद-भावजयीचे. बेनिग्ना ही डॉन तेओफिलो यांची धर्मपत्नी आणि क्रेसेन्सिया ही त्यांची धाकटी भगिनी. आणि खुद्द डॉन तेओफिलो हे टपालखात्यातून निवृत्त जाहलेले, मृदू स्वभावाचे, वादाची चाहूल लागताच टोपी शोधणारे. त्यांस पोटाच्या जळजळीचा विकार बहुत काळापासून जडला होता.

त्या विकारावर कांगोरोसा नामे काटेरी कडांच्या पाल्याची त्या मुलखी मोठी ख्याती. मग पत्नीने सकाळी तो पाला कुटून, चवीस पुदिना टाकून, थर्मासातील थंड पाण्यात घालावा, आणि दुपारी भगिनीने तैसेच करावे, आणि डॉन तेओफिलो यांनी दोन्ही थर्मास मुकाट्याने उचलून पारावर जावे, ऐसा शिरस्ता पडला. परंतु पोट काही शमेना. तेव्हा उभयतांच्या मनी संशयाने ठाणे दिले. कांगोरोसासारखाच दिसणारा एक तोतया पाला रानात मिळतो. तोच भावजय विकते, ऐसे नणंदेने म्हणावे, आणि नणंद विकते, ऐसे भावजयीने. मग बोलाचाली बंद जाहली, आणि जो काही व्यवहार तो कन्या निमियेच्या वकिलातीमार्फत चाले.

ही निमिया म्हणजे त्या घरचे एकुलते रत्न. विद्यापीठात रसायन शिकवी, आणि पातळ थराची क्रोमॅटोग्राफी नामे विद्येत तिचा हातखंडा. पाल्याचा अर्क काचेच्या पट्टीवर चढवून खरा कोण, तोतया कोण, हे ती चारचौघांसमक्ष दाखवी. परगण्यातले लोक मध आणीत, मुळ्या आणीत, एकाने तर आजारी गाईचे मूत्र आणिले. सर्वांचा निवाडा तिने केला, परंतु घरच्या पाल्यास कधी हात लाविला नाही. कारण उघड होते. लहानपणी तापात एका उशाशी आई आणि दुसऱ्या उशाशी आत्या बसे. पट्टीने एकीस खोटे ठरविले, तर त्या दोन उशांपैकी एक कायमची जाणार, हे भय तिच्या पोटात होते, आणि त्यावर पाला नव्हता.

ऐसियात निमियेचा विवाह ठरला. आत्या ही तिची धर्ममाता, तिने वेदीपाशी उभे राहणे जरूर. तो आत्याबाईंचे फर्मान सुटले की, जी स्त्री आमच्या बंधूस तोतया पाला पाजिते ती जेथे उभी, तेथे आमचे पाऊल पडणार नाही. त्यावर मातोश्रींचा जाब गेला की, नणंदेने भर बाजारात माफी मागितल्याविना विवाहाची सोपा भट्टीत जाणार नाही. आता मक्याच्या पिठाची आणि चीजची ती सोपा नाही तर लग्न कसले, आणि धर्ममाता नाही तर वेदी कसली. निमियेने दोन्ही फर्माने ऐकिली आणि कमरेस हात लावून हुकूम केला की, शनिवारी सकाळी उभयतांनी आपापला पाला घेऊन प्रयोगशाळेत हजर व्हावे, आणि बाबांनी साक्षीदार म्हणून यावे. डॉन तेओफिलो यांनी टोपी शोधली, परंतु ती निमियेने आधीच जप्त केली होती.

शनिवारी उन्हाचा कहर. मातोश्री पुढल्या दाराने आल्या, आत्याबाई मागल्या दाराने, आणि दोघींनी आपापली परडी मेजाच्या दोन टोकांस ठेविली, जणू दोन तोफखाने. डॉन तेओफिलो थर्मास मांडीशी धरून कोपऱ्यात बसले. निमियेने दोघींचे पाले कुटले आणि त्यांचे अर्क काढिले, आणि वनस्पती-उद्यानातून आणविलेल्या अस्सल कांगोरोसाचाही अर्क काढिला. मग काचेची पट्टी काढिली, जिच्यावर पांढऱ्या पुडीचा थर चुन्याच्या भिंतीसारखा बसविलेला. तेच रणांगण.

"निमे, माझा ठिपका मधे टाक. कडेला नको," आत्या म्हणाली.

"मधे टाकला म्हणून खोट्याचं खरं होत नाही, वन्सं."

"खरं असतं ना वहिनी, तर दादाचं पोट केव्हाच गार झालं असतं."

बहुत काळाने उभयता एकमेकींशी थेट बोलल्या, हे निमियेच्या ध्यानी आले. केसाएवढ्या नळीने तिने तीन अर्कांचे तीन ठिपके पट्टीच्या तळाशी टेकविले, आणि ते सुकेतो झाकणाची बरणी आणावयास वळली. तेवढ्या अवकाशात आत्याबाईंनी, ठिपक्यांची अदलाबदल होईल या शंकेने, पिशवीतून बॉलपेन काढून आपल्या ठिपक्याखाली आपले नाव ठळक लिहून ठेविले.

मग पट्टी बरणीत उभी राहिली. बरणीच्या तळाशी ओतलेले द्रावक तिच्या अंगाने वर चढू लागले, जैसी पहाटे किल्ल्यावर घोरपड चढावी, गुपचूप आणि न थांबता. तिघी बरणीस नाक लावून बसल्या. तो काय, आत्याबाईंच्या ठिपक्यामागून एक निळा लोळ उठला आणि सरसर वर निघाला.

"निळं," मातोश्री खुर्चीवरून उठल्या. "विषच आहे हे. मी काय सांगत होते?"

"आई, ती शाई आहे. आत्याचं नाव वर चढतंय."

"माझं नाव वरच चढणार," आत्या म्हणाली, परंतु तिचा चेहरा उतरला होता.

निमियेस हसू आवरेना. शिसपेनीची रेघ जागची हलत नाही, पेनची शाई मात्र अर्काहून आधी पळते, हे ती शिष्यांस नित्य सांगे, आणि येथे घरच्याच फौजेने दगा केला. ती पट्टी बाद जाहली. मग उभयतांस मेजापासून दूर हटविले, पेन जप्त करून टोपीशेजारी ठेविले, आणि नवी पट्टी चढली.

या खेपेस द्रावक माथ्याशी पोचले, आणि निमियेने पट्टी काढून सुकविली, आणि धूर ओढणाऱ्या कपाटात धरून तिच्यावर आम्लाचा फवारा मारिला, आणि तापल्या तव्यावर ठेविली. पट्टी कोरी होती. मग कडेस किंचित गुलाबी जाहले. मग अस्सल पाल्याच्या वाटेवर लाल ठिपका उमटला, आणि त्याच उंचीवर आईच्या वाटेवर उमटला, आणि त्याच उंचीवर आत्याच्या. तीन ठिपके, एका ओळीत, तीन सख्ख्या बहिणींसारखे.

"दोघींचा खरा आहे," निमिया म्हणाली. "दोघींचाही. पहिल्यापासून."

जिंकल्याचा आनंद करावा तर शत्रूही जिंकलेला, ऐसा पेच इतिहासात विरळा. अखेर आत्याबाईंनी चष्मा पुसून पट्टीवर पुन्हा नजर टाकिली. "माझा केसभर वर आहे."

"कडेचा ठिपका थोडा वर जातोच, आत्या."

"म्हणून वन्सं म्हणत होत्या, मधे टाक," मातोश्री म्हणाल्या आणि त्यांचे त्यांनाच हसू आले. मग आत्याबाईंनाही आले, आणि मग दोघी ऐशा हसू लागल्या की मेज हलू लागले. निमियेने गडबडीने पट्टी उचलून छातीशी धरली.

आणि हसता हसता मातोश्रींचा चेहरा पालटला. "थांबा," त्या म्हणाल्या. "माझा खरा, वन्संचा खरा. मग ह्यांचं पोट का बरं होत नाही?"

तिघींनी एकदम कोपऱ्याकडे पाहिले. डॉन तेओफिलो उठून उभे होते आणि त्यांचा एक पाय दाराबाहेर होता.

"माझ्या बसची वेळ झाली," ते म्हणाले.

"कुठे जायचंय, बाबा?"

"ती जाईल तिथे."

"थर्मास द्या."

थर्मास देईनात. मग आत्याबाईंनी दार रोखिले आणि मातोश्रींनी बगलेतून थर्मास काढिला, आणि ही त्या दोघींची पहिली एकत्र चढाई होय. झाकण उघडिता पुदिन्याचा वास आला. तो नित्याचाच, सबब आजवर कोणास शंका आली नव्हती. निमियेने तिसरी पट्टी मांडिली. एका वाटेवर अस्सल अर्क, दुसऱ्या वाटेवर थर्मासातील पाणी. बरणी, फवारा, तवा, सर्व पुनश्च जाहले. डॉन तेओफिलो स्टुलावर बसून, फाशीचा हुकूम वाचला जात असता माणूस बसतो तैसे, छताकडे पाहत राहिले.

अस्सल वाटेवर लाल ठिपका दिमाखाने उभा राहिला. थर्मासाच्या वाटेवर तो नव्हता. एक मळकट पट्टा होता, तो पुदिन्याचा. कांगोरोसाचे नावनिशाण नाही.

"बाबा," निमिया हळूच म्हणाली, "पाला कुठे जातो?"

"पेरूच्या मुळाशी."

"कधीपासून?"

"तुला दात यायच्या आधीपासून." मग त्यांनी सर्वच सांगून टाकिले. "बेडकानं आंघोळ केलेल्या पाण्यासारखी चव आहे गं त्याची. नळावर थर्मास विसळतो, पुदिना टाकतो. बरोबर मिरचीच्या सारणाच्या दोन तळलेल्या एम्पानाडा खातो."

"मग सांगितलं का नाहीत?" मातोश्रींनी विचारिले.

"कसं सांगणार? दोघी मन लावून कुटत होतात. तुझा नको म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, हिचा गोड लागतो. हिचा नको म्हटलं असतं तर हिला तसंच वाटलं असतं. मला वाटलं, दोघींचा ओतला म्हणजे न्याय झाला."

यावर निमिया मेजाखाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली. ते पाणी सर्वच हसण्याचे नव्हते, हे तिला ठाऊक आणि बखरकारास ठाऊक. आत्याबाईंनी भावजयीकडे पाहिले. "वहिनी, मी तुला भर बाजारात काय काय बोलले."

"मी काय कमी बोलले? तुमच्या मांजरालासुद्धा सोडलं नाही मी," मातोश्री म्हणाल्या. "चला वन्सं, आधी ह्यांच्याकडे बघू. आपलं मागून."

मग तेथेच तह ठरला, आणि निमियेने तो मोठ्याने जाहीर केला की, डॉन तेओफिलो यांनी दोन्ही वेळचा कांगोरोसा उभयतांच्या नजरेसमोर प्यावा, एम्पानाडा वर्ज्य, पेरूस साधे पाणी मिळेल, विवाहाची सोपा मातोश्रींनी भाजावी आणि तीत चीज आत्याबाईंनी किसावे, आणि तोतया पाल्याचा शब्द गल्लीत पुनश्च कोणी काढू नये. डॉन तेओफिलो यांनी टोपी मागितली. ती मिळाली.

विवाह यथासांग पार पडला. वेदीपाशी एका हाताला आई आणि दुसऱ्या हाताला आत्या उभी राहिली, आणि निमिया मध्ये ऐशी हसत होती की पाद्रीबोवांनी दोनदा मंत्र थांबवून तब्येत विचारिली. येणेप्रमाणे कांगोरोसाची मोहीम फत्ते जाहली, दोन्ही सैन्ये विजयी जाहली, आणि ज्याच्यासाठी युद्ध जाहले तो एकटा पराभूत जाहला, हे येथे रीतसर नमूद केले आहे. पोटाचे पुढे काय जाहले म्हणाल, तर जळजळ बहुत कमी आहे, ऐसे नणंद सांगते आणि भावजयही सांगते. डॉन तेओफिलो काही सांगत नाहीत, कारण त्यांस कोणी विचारीत नाही.