दुपट्ट्याखालचा माउस

गुलाबरावांना कोणी "कोणता माउस घेऊ?" असं विचारलं, तर ते आधी त्याचा हात मागतात. हात पुढे आला की खांद्यावरचा दुपट्टा काढून दोघांच्या हातांवर टाकतात आणि त्याच्याखाली त्याचा पंजा चाचपायला लागतात. नजर मात्र भलतीकडेच, समोरच्या नळावरच्या भांडणाकडे नाहीतर तारेवर बसलेल्या कावळ्याकडे. नवखा माणूस बावचळतो. आमच्या गल्लीत खोली घेऊन राहणाऱ्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला वाटलं, म्हातारा हात पाहून भविष्य सांगतोय. तो म्हणाला, "काका, नोकरीचं पण सांगून टाका."

"नोकरीचं तुया बापाले विचार," गुलाबराव कावळ्याकडे पाहतच म्हणाले. "बोटं लांब हायत, पण तळवा टेकवत नाईस तू. पंजानं धरतं. खेळ कोणता खेळतं?"

"बंदुकीचा."

"धावून मारतं का लपून?"

पोरगा म्हणाला, धावून. गुलाबरावांनी दुपट्टा उचलला, खांद्यावर टाकला आणि निकाल दिला, "हलका घेजो. वशिंड मागं असलेला."

पोरगा माझ्याकडे पाहत राहिला. मग मला सगळी उकल करून सांगावी लागली. अमरावतीत गुलाबरावांच्या शेजारी राहायचं म्हणजे हे काम अंगावर येतंच. मी शाळेत भूगोल शिकवतो, आणि उरलेल्या वेळात गुलाबराव समजावून सांगतो.

गुलाबराव बैलबाजारातले दलाल. आयुष्य परतवाड्याच्या, अचलपूरच्या आणि आसपासच्या बाजारांत गेलं. तिथे बैलाचा भाव तोंडानं सांगत नाहीत. विकणाऱ्याचा दलाल आणि घेणाऱ्याचा दलाल समोरासमोर उभे राहतात, हातांवर दुपट्टा टाकतात आणि बोटं दाबून सौदा करतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आत काय चाललंय ते त्या दोन हातांनाच ठाऊक. या कामात गुलाबरावांचं नाव होतं. ते नाव ते स्वतःच सांगतात, आणि बऱ्यापैकी मोठ्यानं सांगतात. "बोट दाबलं का मले माणसाच्या पोटातलं समजते," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मते डोळ्यांनी हात कळतच नाही, हातालाच हात कळतो.

मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर घरी राहिला. त्याच सुमारास गुलाबरावांनी बाजार सोडला होता. माणूस रिकामा, कॉम्प्युटरही रिकामा. मुलगा सुट्टीत आला तेव्हा त्यानं वडिलांना बंदुकीचा एक खेळ दाखवला आणि परत गेला. पुढच्या सुट्टीत आला तेव्हा वडिलांनी त्याला पाच मिनिटांत तीनदा मारलं.

माउस पाहायची त्यांची रीत बैल पाहायचीच. एकदा मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो होतो. दुकानदारानं कौतुकानं रंगीत डबा पुढे केला.

"डब्बा काय दाखवतं बे? जनावर दाखव."

माउस बाहेर आला. गुलाबरावांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पाठीचा उंचवटा, त्यांच्या भाषेत वशिंड, कुठे आहे ते पाहिलं. उलटा करून पोट पाहिलं. वायरला हलका झटका दिला. बटणं मोजून म्हणाले, "चार दाती आहे. चाल दाखव." दुकानदारानं तो कॉम्प्युटरला जोडला, तसे त्यातून लाल-निळे दिवे पेटले. गुलाबराव दोन पावलं मागे सरले.

"हे काय? वरातीतली घोडी आहे काय?"

"गेमिंगचा आहे काका. असाच येतो."

"दिव्यानं नेम लागते का?"

दुकानदारानं दिवे बंद करून दिले. पुढे पुढे तर त्या दुकानात त्यांच्यासाठी एक खुर्चीच ठेवलेली असे, कारण त्यांनी हात पाहून दिलेला माउस सहसा परत येत नसे.

माणसांचे त्यांनी तीन प्रकार पाडलेत. पसऱ्या, पंज्या आणि चिमट्या. पसऱ्या सगळा तळवा माउसवर पसरून ठेवतो. त्याला लांब अन् उंच वशिंडाचा लागतो, म्हणजे हात थकत नाही. पंज्या बोटं वाकवून धरतो, तळव्याचा फक्त मागचा भाग टेकतो. त्याला आखूड द्यायचा, वशिंड मागे सरकलेलं. आणि चिमट्या नुसत्या बोटांच्या टोकांनी धरतो, त्याला लहान, चपटा, हलका. यावर पुन्हा खेळाच्या स्वभावाचे दोन भाग. एक धावरा आणि दुसरा राखण्या. धावऱ्याला हलकं जनावर आणि चपळ चाल. राखण्या म्हणजे शेतात मचाणावर बसून डुकराची वाट पाहणारा. त्याला थोडं वजनदार आणि संथ चालीचं बरं, म्हणजे नेम हलत नाही. स्वतः गुलाबराव पसऱ्या आणि राखण्या. खेळात ते एखाद्या छपरावर चढून बसायचे आणि समोरचा कंटाळून बाहेर येईपर्यंत हलायचे नाहीत.

पुढे कधीतरी मी इंटरनेटवर वाचलं, तर इंग्रजीत नेमके हेच तीन प्रकार सांगितलेले. मी धावत जाऊन गुलाबरावांना सांगितलं. त्यांना काडीचं आश्चर्य वाटलं नाही. "त्यायनं बी हात पाह्यले असतीन," म्हणाले.

आता ते कधी चुकत नाहीत असं नाही. मी फार तर कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डाव लावणारा माणूस, पण माझाही हात त्यांनी पाहिला आणि मला चिमट्या ठरवलं. आठवड्यात माझं मनगट ठणकायला लागलं. गुलाबराव म्हणाले, "माउस बराबर आहे. तुमची खुर्ची खोटी आहे." मी खुर्ची बदलली. मग म्हणाले, टेबल उंच आहे. टेबलाचे पाय कापले. मनगट ठणकतच होतं. शेवटी एके दिवशी त्यांनी गुपचूप पसऱ्याचा माउस आणून लावून दिला. "तुमचा हात बदलला मास्तर, वयानं बदलते," असं वर मलाच ऐकवलं. हात काय बदलणार कपाळ! पण चूक कबूल करणं हे त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं.

त्यांनी बाजार का सोडला हे मी एकदाच विचारलं. ती कापसाची वाईट वर्षं होती. वर्तमानपत्र उघडायची भीती वाटावी अशी. गुलाबराव म्हणाले, "बाजारात विकणारेच उरले होते मास्तर. घेणाराच नाई. दुपट्ट्याखाली हात आला का थरथरे. म्या म्हटलं, आता हे समजून घेणं नाई पायजे मले." एवढं बोलून त्यांनी विषय बदलला आणि मीही बदलू दिला.

त्यांच्याबरोबर आणखी एका माणसानं बाजार सोडला. अचलपूरचे उस्मानभाई. वर्षानुवर्षं गुलाबराव विकणाऱ्याच्या बाजूनं आणि उस्मानभाई घेणाऱ्याच्या. दोघांनी एकमेकांना बाजारात भरपूर शिव्या दिल्या आणि बाजार उठल्यावर एकाच टपरीवर चहा घेतला. पुढे उस्मानभाई अकोल्याला मुलीकडे, शबानाकडे राहायला गेले. गुलाबरावांनी त्यांनाही बंदुकीच्या खेळाला लावलं. इकडे हे, तिकडे ते, आणि टेबलावर फोन चालू. उस्मानभाई अस्सल धावरे. छातीवर गोळी घ्यायचे पण लपायचे नाहीत. गुलाबराव छपरावरून त्यांना टिपायचे आणि फोनवर ओरडायचे, "बसला का दणका!" सगळ्या गल्लीला ऐकू जाई.

मग उस्मानभाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली. चालणं हळूहळू परत आलं, हात मात्र आला नाही. शबानानं फोनवर सांगितलं की अब्बा हात शालीखाली लपवून बसतात, कोणाला भेटत नाहीत, बोलत नाहीत, कॉम्प्युटरवर चादर टाकून ठेवलीय. गुलाबरावांनी फोन ठेवला आणि सरळ दुकान गाठलं. पसंतीवर म्हणून पाच-सहा माउस पिशवीत घातले आणि मला म्हणाले, "चाला मास्तर, अकोल्याले. त्याले खेळात आणलं नाई तर तो असाच बसून जाईन."

बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली. गाडीत त्यांची बडबड थांबेना. उस्मानचा हात मला माझ्या हातापेक्षा जास्त ठाऊक आहे, तो पंज्या आहे, आता हाताला जोर नाही म्हणजे खोलगट, अंगठ्याला टेकू असलेला माउस द्यायचा, हात आपोआप बसेल. सगळं ठरलेलं होतं.

उस्मानभाई खिडकीपाशी बसले होते. आम्हाला पाहून म्हणाले, "काहे को आया रे इतनी दूर?" पण डोळे ओले झाले ते मी पाहिलं. गुलाबरावांनी चहा यायच्या आधीच माउस काढला, उस्मानभाईंचा उजवा हात शालीतून ओढून त्याच्यावर ठेवला. हात क्षणभर बसला. मग बोटं एकेक करत घसरली आणि टेबलावर पडली. गुलाबरावांनी पुन्हा ठेवली. पुन्हा घसरली. उस्मानभाईंनी डाव्या हातानं तो हात उचलला आणि शालीत घेतला.

"जो हाथ तू पहचानता था ना गुलाब, वो गया."

दारात शबाना ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. मला तिथून उठून जावंसं वाटलं. गुलाबराव थोडा वेळ माउसची वायर गुंडाळत बसले. मग खांद्यावरचा दुपट्टा काढून म्हणाले, "डावा दे."

"बाएँ हाथ का सौदा होता क्या कभी?"

"आज होते. दे."

दुपट्टा पडला. सौद्याच्या वेळी गुलाबराव समोरच्याकडे कधी पाहत नाहीत, पण त्या दिवशी ते सरळ उस्मानभाईंच्या तोंडाकडे पाहत होते. चहावर साय धरली. बऱ्याच वेळानं त्यांनी दुपट्टा उचलला आणि माझ्याकडे वळले.

"या हाताची अन् मायी वळखच नाई मास्तर. मले वाटलं दोन्ही हात सारखेच असतीन. हा तर चिमट्या आहे." त्यांनी पिशवीत पाहिलं. सगळे माउस उजव्या हाताचे होते. "माया ध्यानातच नाई आलं. चुकलो मी."

गुलाबरावांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. उस्मानभाईंनीही बहुतेक पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण ते हसले.

परत आल्यावर गुलाबरावांनी अमरावतीतली दुकानं पालथी घातली. जो तो उजव्या हाताचा. शेवटी एका कोपऱ्यातल्या दुकानात त्यांना लहानसा, चपटा, दोन्ही बाजूंनी सारखा माउस सापडला. त्यांनी तो डाव्या हातात धरून बराच वेळ फिरवला आणि अकोल्याला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून दिला. शबानाला फोनवर बटणं उलटी कशी करायची ते सांगितलं. चार दिवसांनी कॉम्प्युटरवरची चादर निघाली.

पण खेळ जमेना. उस्मानभाई डाव्या हातानं भिंतींवर आदळत, गोळ्या आभाळात जात. गुलाबराव छपरावर बसून त्यांना डोळ्यासमोरून जाऊ देत, नेम धरत आणि चाप ओढत नसत. माझ्यासमोर तिसऱ्यांदा असं झालं, तेव्हा फोनमधून आवाज आला.

"गुलाब, तू मार क्यों नहीं रहा?"

"दिसला नाईस रे."

"झूठ मत बोल. बाज़ार में एक बैल पे मेरे को एक रुपया नहीं छोड़ा तूने. और आज खैरात बाँटता? मेरे को नहीं खेलना."

फोन बंद झाला. त्यानंतर तो लागला तरी शबानाच उचलायची आणि अब्बा झोपलेत म्हणून सांगायची. गुलाबरावांचं कशात लक्ष लागेना. दुकानातली खुर्ची रिकामी राहू लागली. विद्यार्थी हात पुढे करून यायचे, तर म्हणायचे, "कोणताबी घे, सगळे सारखेच." मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटायचं. मारावं तर मित्र हरतो, सोडावं तर मित्राचा अपमान होतो.

दोनेक आठवडे असे गेले. शेवटी "आता सोडणार नाई म्हणा, एक डाव खेळ म्हणा त्याले," असा निरोप त्यांनी शबानाजवळ ठेवला. मग एका रविवारी दुपारी भिंतीपलीकडून गुलाबरावांचा आवाज आला, "अबे, थांब ना! थांब!" आणि पाठोपाठ फोनमधून कोणीतरी खदाखदा हसलं. मी चपला न घालताच गेलो.

गुलाबराव कॉम्प्युटरसमोर वाकडे बसले होते. कपाळावर घाम, जीभ दातांत धरलेली. पडद्यावर त्यांचा शिपाई छपराची शिडी शोधत एका भिंतीला धडका देत होता. मागून कोणीतरी धावत आलं, गोळी बसली, शिपाई पालथा पडला.

"मर गया! फिर मर गया!" फोनमधून उस्मानभाई ओरडले. "उठ रे गुलाब, उठ!"

मी जवळ गेलो. माउस कीबोर्डच्या डाव्या बाजूला होता, अकोल्याला पाठवलेल्याचाच जोडीदार. गुलाबरावांचा डावा हात त्याच्यावर चाचपडत होता. ज्या उजव्या हाताची फुशारकी सगळ्या वऱ्हाडात सांगितली, तो हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता, चुकून पुढे येऊ नये म्हणून.

मी हळूच विचारलं, "उस्मानभाईंना सांगितलंत का, डाव्या हातानं खेळताय ते?"

त्यांनी घाईनं मांडीखालचा हात काढला आणि फोनवर दाबून धरला.

"चूप राहा मास्तर. त्याले वाटून राह्यलं का गुलाब म्हातारा झाला. भल्ला खुश आहे."