दुसऱ्या 'वगैरे'ची गोष्ट

एका जंगलात एक साळुंकी राहायची. जंगल कुठलं ते विचारू नका, मुलांनो. आपलंच आहे असं सांगितलं तर तुमचे आईबाबा मला रागावतील.

साळुंकीला बोलायची भारी हौस. ती सकाळी बोलू लागली की बाकी सगळ्यांना अचानक कामं आठवत. ऐकायला उरे फक्त ती राहायची तो उंबर. त्याला उठून जाता येत नव्हतं.

उंबराखाली तळं होतं आणि तळ्यात कासवकाका राहत. मग हवा बदलली. कशी बदलली ते मोठ्यांना विचारा, ते विषय बदलतील. पाऊस यायचा तेव्हा येईना, आणि नको तेव्हा येऊन धिंगाणा घालून जाई. तळं आटलं. कासवकाका भेगाळलेल्या चिखलात बसले, त्यांनी डोकं आत घेतलं आणि ते बाहेर काढायचं नावच घेईनात.

"काका, दोन पानं तरी खाऊन घ्या," साळुंकी म्हणाली.

आतून उत्तर नाही.

ती दिवसभर समजावत होती. असंच चाललं तर काका आतल्या आत संपतील, हे तिला दिसत होतं. तेव्हा अशा वेळी कुठलाही शहाणा करील तेच तिनं केलं. ती परिषदेला गेली.

परिषद जगभरातल्या जंगलांची होती. बिघडलेल्या हवेचं काय करायचं हे ठरवायला सगळे दरवर्षी जमत, आणि पुढच्या वर्षी कुठे जमायचं ते ठरवून परत जात. अध्यक्ष होता पाणघोडा. तो बसण्यापुरतं पाणी बरोबर घेऊन आला होता.

ठरावाचा मसुदा तयारच होता. 'तळी, झाडे, घरटी, बिळे वगैरेंचे रक्षण करावे.'

"यात मन घाला," साळुंकी म्हणाली. "तळं आटलं की मनही आटतं. आता आमचे कासवकाकाच घ्या."

आणि तिनं काकांची हकीकत सांगितली. फार छान सांगितली. काकांच्या अवस्थेला तिनं 'कवचग्रस्तता' असं नावही दिलं, ते तिला वाटेतच सुचलं होतं. ध्रुवाकडचं पांढरं अस्वल हुंदके देऊ लागलं. साळुंकीला वाईट वाटलं आणि, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं.

"हे मन खोल किती असतं?" पाणघोड्यानं विचारलं.

"ते मोजता येत नाही."

"मग आटलं हे कसं कळलं? कासवाला विचारलंत?"

साळुंकीनं पंख नीट केले. विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

मागून एक कोल्हा म्हणाला, "आज मन घातलंत की उद्या उंदीर म्हणतील, भीती घाला."

वाद रंगला. जेवणाची वेळ टळू लागली तेव्हा पाणघोड्यानं तोडगा काढला. मन हे 'वगैरे'मध्ये धरलं आहे असं समजावं.

"त्या वगैरेत आधीच मुंग्या, गवत आणि गोगलगायी आहेत," साळुंकी म्हणाली. "तिथे जागा कुठे आहे?"

मग आणखी एक 'वगैरे' घालायचं ठरलं. 'तळी, झाडे, घरटी, बिळे वगैरे वगैरेंचे रक्षण करावे.' टाळ्या पडल्या. साळुंकीचे डोळे भरून आले. परतीच्या वाटेवर भेटेल त्याला ती सांगत सुटली, "दुसरं वगैरे आपलं आहे."

जंगलात आली ती थेट काकांच्या पाठीवर जाऊन बसली.

"काका, अभिनंदन. तुम्ही दुसऱ्या वगैरेत आहात."

आतून उत्तर नाही. तिनं मग वगैरे कसं मिळवलं ते पहिल्यापासून सांगितलं. शेवटी घसा बसला तेव्हा ती घरट्याकडे जायला उडाली, आणि तिला बसायला फांदीच सापडेना. उंबर वाळून आडवा झाला होता. बातमी सांगायच्या घाईत तिचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

साळुंकी खाली आली आणि काकांशेजारी बसली. काहीतरी बोलायला तिनं चोच उघडली, पण शब्द येईना. कवचग्रस्तता, तिला आठवलं, आणि त्या शब्दाची तिला शरम वाटली. ती नुसती बसून राहिली.

बऱ्याच वेळानं कवचातून हळूच डोकं बाहेर आलं.

"गेली वाटतं," काका स्वतःशीच पुटपुटले. मग त्यांना ती दिसली. "अगं, आहेस होय? मग गप्प का?"

तिनं उंबराकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं.

"वाईट झालं गं पोरी," ते म्हणाले.

दोघं तशीच बसली. मग काकाच बोलू लागले.

"पाण्यात होतो तेव्हा ही पाठ मला कधी जड लागली नाही. पाणीच उचलून धरायचं. आता दिवसभर मीच वाहतोय. तुला सांगणार होतो. पण तू बोलत होतीस."

त्या दिवशी काकांनी दोन पानं खाल्ली. दुसऱ्या दिवशी ते थोडं चालले आणि चालताना खूप कुरकुरले. तळं काही भरलं नाही. पण रोज संध्याकाळी काका कुरकुरत आणि साळुंकी ऐकून घेई, आणि दोघांचंही बरं चाललं होतं.

अशात परिषदेचं कबुतर निरोप घेऊन आलं. यंदा मनावर खास बैठक आहे. मुख्य भाषण साळुंकीचं. येताना ते गप्प बसणारं कासव व्यासपीठावर ठेवायला घेऊन यावं.

"काका आता बोलतात," साळुंकी म्हणाली.

"अरेरे," कबुतर म्हणालं.

आणि मुलांनो, सांगायला लाज वाटते, पण क्षणभर साळुंकीच्याही मनात तेच आलं. अरेरे.

तात्पर्य : शेजारी गप्प झाला तर त्याच्याजवळ जाऊन आपण गप्प बसू नये. तो बोलायला लागतो, आणि मग परिषदेत दाखवायला काही उरत नाही. त्यापेक्षा त्याच्याविषयी बोलत राहावं, शक्यतो परदेशात. गोष्टी सांगणाऱ्यांनीही हाच नियम पाळावा. तुमच्यातलं कुणी मघापासून मान खाली घालून बसलं आहे का, हे विचारायला मला तरी वेळ कुठे मिळाला?